लाईट गेली होती तेव्हा

पाटीच्या डाव्या कडेपासून दोन बोटं आत एक खड्डा होता, मोहरीच्या दाण्याएवढा. त्याची कड कोळशासारखी काळी होती आणि तळाला किंचित राखाडी झाक होती. तिथून एक जाड रेघ निघाली होती. बोटभर पुढे गेल्यावर तिला दोन फाटे फुटले होते, त्या फाट्यांना आणखी फाटे, आणि शेवटी केसाहून बारीक रेघांचं जाळं. उजव्या कडेलाही तसाच खड्डा, तसंच जाळं... दोन्ही जाळी एकमेकांकडे सरकत आली होती, आणि जिथे ती भिडली होती त्याच्या जरा खाली 'जोतीराम' अशी अक्षरं कोरली होती.

संयोगिताने पाटी दारातल्या उजेडात धरली आणि दोन खड्ड्यांमधलं अंतर वितीने मोजलं. दोन विती. एखादं ताट दोन्ही हातांनी उचलताना हातांमध्ये जेवढं अंतर पडतं, तेवढं.

शेजारचा धनाजी अजून अंगणातच उभा होता. भाजीचा टेम्पो घेऊन तो आठवड्यातून तीनदा पलूसहून साताऱ्याला जाई, आणि कॉलेजसाठी साताऱ्यात काकाकडे राहणारी संयोगिताची मुलगी अंकिता घरी काही पाठवायचं झालं की ते त्याच्याच गळ्यात घाली.

"पोरगी म्हणली, लय नाजूक हाय, मांडीवर ठेवून न्या," धनाजी हसत सांगत होता. "मी म्हणलं, बाई, मांडीवर ठेवली तर ब्रेक कोण दाबणार? टमाट्याच्या क्रेटवर निजवून आणली बघा. बाबांच्या श्राद्धाला दारावर लावायची म्हणं. स्वतः केलीय तिनं."

स्वतः केलीय... संयोगिताने नुसती मान हलवली. त्याला चहा विचारायचंही तिला सुचलं नाही.

ओसरीच्या कडेला तिच्या सासूबाई, मनुबाई, शेंगा फोडत बसल्या होत्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही त्यांना बारीक काही दिसत नसे. धनाजीने कौतुकाने पाटी त्यांच्या मांडीवर ठेवली, तेव्हा त्यांनी ती बोटांनीच बघितली. "उसाच्या मुळ्या हायत जणू," त्या म्हणाल्या. मग त्यांचं बोट रेघेवरून मागे मागे सरकत त्या डावीकडच्या खड्ड्यावर आलं आणि तिथे थांबलं. बराच वेळ थांबलं. पाटी बाजूला ठेवून त्यांनी पुन्हा शेंगा हातात घेतल्या, पण एकही फोडली नाही.

"मांजरे," त्या पायाशी लोळणाऱ्या मांजराला म्हणाल्या, "ह्या बाईला सांग, पोरीला ईचार म्हणावं, हे कशानं केलंय."

घरात माणसं दोनच होती, सासू आणि सून. पण गेली आठ वर्षं मनुबाई सुनेशी बोलत नव्हत्या. जे सांगायचं ते मांजराला, म्हशीला, नाहीतर रस्त्याने जाणाऱ्या कुणालातरी. आणि संयोगिता 'आत्ती, आणल्या गोळ्या', 'आत्ती, तापलंय पाणी' असं त्यांना सरळ उत्तर देई. सुरुवातीला गावाला त्याचं हसू येई. आता कुणाचं लक्षही जात नव्हतं. आठ वर्षांपूर्वी विजेचा धक्का बसून मनुबाईंचा थोरला मुलगा, संयोगिताचा नवरा जोतीराम, भर दुपारी गेला होता, आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात, सगळ्यांदेखत, संयोगिताच म्हणाली होती, "मीच त्यांना विहिरीवरची मोटर चालू करायला पाठवलं."

ते खोटं होतं.

संध्याकाळी पाचला तिने अंकिताला फोन लावला. पोरगी इतकी आनंदात होती की तिला मधे थांबवणंच जमेना. काकाच्या माळ्यावर एक जुनी लोखंडी पेटी सापडली, तिच्यात ते यंत्र होतं, जुन्या मायक्रोवेव्हमधून काढलेला जाडजूड ट्रान्सफॉर्मर, त्याच्या दोन वायरी आणि वायरींच्या टोकाला दोन चिमटे. व्हिडिओत सगळं दाखवतात. ओल्या लाकडावर वीज स्वतःच चित्र काढत जाते, आई, आपण फक्त बघायचं! मैत्रिणींनी आठ पाट्या सांगितल्या होत्या आणि उद्याचा रविवार त्यासाठीच मोकळा ठेवला होता. माया काकी माहेरी फलटणला गेली होती, काका कंपनीच्या कामाला कोयनानगरला, उद्या दुपारी येणार. गच्चीवर कुणाची कटकट नव्हती.

"अंकिता, त्याला पुन्हा हात लावायचा नाही," संयोगिता म्हणाली.

"का?"

या 'का'ची संयोगिताला सवय होती. शाळेत ती विज्ञान शिकवत असे आणि प्रश्न विचारणारी मुलं तिला आवडत. दरवर्षी दहावीला विजेचा धडा आला की तिचा आवाज आपोआप खाली येई आणि मागच्या बाकावरची मुलं म्हणत, बाई, ऐकू येईना. आजही तो तसाच खाली आला.

"तू रबरी चप्पल घालत असशील," ती म्हणाली, "तिचा उपयोग नाही."

"घरात ईएलसीबी बसवलाय गं काकानं. कुणाला धक्का बसला तर लगेच पडतो तो, वीजच तुटते."

मग संयोगिताने जमेल तितकं सोपं करून सांगितलं. ईएलसीबी पहारा देतो तो घरच्या तारांवर. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे काय चाललंय ते त्याला दिसत नाही. अलीकडे दोनशे तीस व्होल्ट असतात, पलीकडे दोन हजार. आणि पलीकडच्या दोन तारांच्या मध्ये कुणी सापडलं, तर वीज एका हातातून शिरते, छातीतून जाते आणि दुसऱ्या हातातून निघून त्याच ट्रान्सफॉर्मरमध्ये परत जाते. घरातलं एकही बटण पडत नाही. त्या यंत्राच्या लेखी माणूस म्हणजे आणखी एक ओलं लाकूड.

मग अंकिता हसली. "आई, तू वर्गात असल्यासारखी बोलतेस. सगळे करतात हे. मी सावध राहते ना. तुझ्या आवाजावरून वाटतंय, कारण वेगळंच आहे. खरं कारण सांग, मग नाही करणार."

खरं कारण... मनुबाई तीन हातांवर बसल्या होत्या, टोपलीतल्या शेंगा तशाच, मान इकडे वळलेली. संयोगिताने बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. आठ वर्षं जे वाक्य दाताखाली धरून ठेवलं होतं, ते असं टेलिफोनवर, असं घाईने सुटेना.

"मी उद्या सकाळी येतेय," ती म्हणाली. "मी येईपर्यंत थांब."

"बरं, बघते," अंकिता म्हणाली. त्या 'बघते'त काहीच कबूल केलेलं नव्हतं.

साडेआठ वाजता तिने रोजच्याप्रमाणे जयराजला, तिच्या धाकट्या दिराला, फोन लावला. कोयनानगरला रेंज नव्हती. आठ वर्षांत पहिल्यांदाच तो फोन लागला नाही, आणि संयोगिता मोबाईल मांडीवर ठेवून तशीच बसून राहिली. तिला इतका थकवा आला होता की उठून दिवा लावायचंही जिवावर आलं... हा थकवा झोपेने जाणारा नव्हता, हे तिला फार पूर्वीच कळून चुकलं होतं.

जयराज तेव्हा चोवीस वर्षांचा होता. शिक्षण अर्ध्यावर सुटलेलं, शेतीत मन नाही, पण हातात कला मोठी. गोठ्याशेजारच्या, विहिरीला लागूनच असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये तो लाकडाची घड्याळं, ट्रे, नावाच्या पाट्या करी, आणि सांगलीच्या भंगारवाल्याकडून ते यंत्र आणल्यापासून त्याला दिवसरात्र दुसरं काही सुचत नव्हतं. संयोगिताने त्याला एकदा सांगितलं, हे धोक्याचं आहे. दुसऱ्यांदा सांगितलं. तेव्हा जोतीराम हसून म्हणाला, "तुझं विज्ञान शाळेत ठेव की. पोरगं कवा नव्हं ते कामाला लागलंय." तिसऱ्यांदा तिने सांगितलं नाही. घरातली नेहमी नको म्हणणारी बाई व्हायचा तिला कंटाळा आला होता. एवढंच कारण होतं, आणि एवढ्याचाच हिशेब ती पुढे आठ वर्षं करत राहिली.

त्या दुपारी तीनच्या सुमारास लाईट गेली. जयराज घामाने निथळत होता, पाणी प्यायला उठताना तो मोठ्या भावाला म्हणाला, "दादा, लाईट गेलीय. तेवढं फळकूट चिमट्यातनं सोडवून उन्हात ठेव." भिंतीवरचं बटण चालूच होतं. लाईट गेली की बटण बंद करायचं असतं, हे कुणाच्याच ध्यानात येत नाही. पंखा, टीव्ही, सगळं तसंच चालू सोडून माणसं अंगणात येऊन बसतात, कारण लाईट गेली म्हणजे वीज संपली. जोतीरामने दोन्ही हातांनी दोन चिमटे धरले. आणि गल्लीतली पोरं नेहमीसारखी एका सुरात ओरडली, "आली!"

संयोगिता चहाचे कप घेऊन शेडच्या दाराशी पोचली होती. तिने नवऱ्याला हात लावला नाही. आधी बटण पाडलं. मग त्याला उताणा केला, छातीवर दोन्ही तळवे ठेवले आणि दाबायला सुरुवात केली. तीस वेळा, मग श्वास, मग पुन्हा तीस. शेजारची जीप येईपर्यंत ती मोजत होती. तो आकडा तिला अजून पाठ आहे. तिने तो कुणाला सांगितलेला नाही. जोतीरामच्या दोन्ही तळव्यांवर एकेक खड्डा होता, मोहरीच्या दाण्याएवढा, तळाशी राखाडी.

जयराज दारात तांब्या घेऊन उभा होता. "वहिनी," तो म्हणाला, "मीच सांगितलं त्यांना, लाईट गेलीय म्हणून." मग त्याने तांब्या खाली ठेवला, अगदी नीट ठेवला, आणि तो विहिरीकडे बघायला लागला. तो पाण्याकडे बघत नव्हता, ती किती खोल आहे ते बघत होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, धक्का कशाने बसला? शेतावरून धावत आलेल्या मनुबाई भिंतीला टेकून धापा टाकत होत्या. जयराज जिन्याच्या कठड्याशी उभा होता, दुसऱ्या मजल्यावर, आणि त्याची ती विहिरीवरची नजर अजून गेली नव्हती. संयोगिताला एवढंच कळलं की एका आईचे दोन मुलगे एका दिवशी जायला नकोत. तिने ते वाक्य उच्चारलं. नंतर लोक म्हणाले, मोटरीची तक्रार कर, वायरमनवर केस कर. तिने कुठल्याच कागदावर सही केली नाही. ज्याने काही केलं नाही त्याच्यावर बालंट कसं घालणार? त्याचाही लोकांनी उलटाच अर्थ काढला.

तिसऱ्या दिवशी तिने जयराजला गोठ्यामागे बोलावलं. "ते यंत्र कृष्णेत टाका, भावजी," ती म्हणाली. "आणि दोन वेळा जेवायचं. मी रोज विचारणार." तो साताऱ्याला गेला, एका कारखान्यात लागला, मायाशी त्याचं लग्न झालं. रोज संध्याकाळी साडेआठला संयोगिता विचारी, "जेवलात का?" आणि तो म्हणे, "जेवलो, वहिनी." मायाला प्रथम हे फार विचित्र वाटलं होतं. तिला काय माहीत, की त्या दोन शब्दांत एकजण विचारत होती, आहात ना? आणि दुसरा सांगत होता, आहे.

पण यंत्र त्याने टाकलं नव्हतं. ते माळ्यावर होतं. आणि बापाच्या मरणाचं कारण पोरीपासून लपवलं, म्हणून पोर आज त्याच चिमट्यांशी खेळत होती... संयोगिताने आठ वर्षांपूर्वी एकाला वाचवायचं गणित मांडलं होतं. त्यात अकरा वर्षांची अंकिता एक दिवस एकोणीस वर्षांची होणार, हे धरायचं राहून गेलं होतं.

सकाळी ती निघाली तर मनुबाई नवं लुगडं नेसून, पिशवी घेऊन, दारात तयार. "मांजरे, ह्या बाईला सांग, मी बी येणार हाय."

"आत्ती, कराडला गाडी बदलावी लागते. तुम्हाला त्रास होईल."

"माज्या लेकाकडं जायाला मला कुणाची परवानगी नगं म्हणावं."

कराडच्या गाडीत दोघींना शेजारी जागा मिळाली. ऊन खिडकीतून मनुबाईंच्या तोंडावर यायला लागलं, तशी त्यांनी कंडक्टरला हाक मारली, "मास्तर, त्या बाईला सांगा जरा, खिडकीचा पडदा वढ म्हणावं."

कंडक्टरने दोघींकडे बघितलं. "आजी, ती तुमच्या शेजारीच हाय की."

"म्हाईत हाय मला. तुमी सांगा."

"ताई, पडदा ओढा," कंडक्टर निमूट म्हणाला, आणि पुढच्या बाकावरची माणसं हसली. संयोगिताने पडदा ओढला. तिने तीनदा अंकिताला फोन लावला होता. रिंग वाजत होती, उचलत कुणी नव्हतं.

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला, चार मजली इमारतीत, जयराजचं घर होतं. रिक्षातून उतरल्या तेव्हा सव्वाअकरा झाले होते. खालच्या दुकानदाराने पुठ्ठ्याने वारा घेत सांगितलं, लाईट नाही, तारांवरची झाडं तोडतायत, सकाळपासून येऊन-जाऊन आहे.

येऊन-जाऊन... संयोगिताच्या हातातली पिशवी तिथेच पडली. ती जिना चढायला लागली. पहिला मजला, दुसरा. वरून अंकिताचं गुणगुणणं ऐकू येत होतं, निवांत, लाईट येईपर्यंत हातातलं काम उरकून घेणाऱ्या माणसाचं गुणगुणणं. संयोगिताचा श्वास पुरेना. तिसऱ्या मजल्याच्या वळणावरून, जिथून गच्चीचं दारही दिसत नव्हतं, तिथून ती ओरडली, "अंकिता, हात काढ! दोन्ही हात काढ!"

गुणगुणणं थांबलं.

गच्चीवर पोरगी एका खुर्चीपाशी ओणवी होती. खुर्चीवर ओली फळी, फळीच्या दोन कडांना दोन चिमटे. हात तिने आईच्या ओरडण्याने दचकून वर उचलले होते, आणि ते अजून तसेच वर होते. संयोगिता तिच्याकडे गेली नाही. ती भिंतीकडे गेली, प्लग उपटून काढला आणि तो मुठीत घट्ट धरून खाली फरशीवर बसली. बटण चालूच होतं.

"आई, काय झालं? अगं, लाईट गेलीय."

संयोगिताने मनगट वर केलं. ती घड्याळाकडे बघत राहिली. खालून मनुबाई एकेक पायरी चढत येत होत्या, त्यांच्या काठीचा आवाज येत होता. बरोबर सात मिनिटांनी समोरच्या इमारतीतली पोरं ओरडली, "आली!"

अंकिताने बटणाकडे बघितलं. बटणाचा लाल दिवा लागला होता. मग तिने फळीवरच्या चिमट्यांकडे बघितलं, मग आपल्या हातांकडे. विज्ञानाच्या बाईची मुलगी होती ती. एवढं तिला समजत होतं.

"मला वाटलं, मी बंद केलं होतं..." ती पुटपुटली. मग म्हणाली, "आई, तू जिन्यात होतीस. तुला मी दिसत नव्हते. मी दोन्ही हातांनी धरलंय, हे तुला कसं कळलं?"

मनुबाई गच्चीच्या दारात पोचल्या होत्या. त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि त्या उंबऱ्यावरच बसल्या. "त्ये फळकूट हिकडं आण," त्या नातीला म्हणाल्या. अंकिताने चिमटे सोडवून ती ओली फळी आजीच्या मांडीवर दिली. मनुबाईंनी बोट फिरवलं. खड्डा सापडला. त्यांनी बोट तिथेच ठेवलं.

"त्याचा हात मी हातात घेतला व्हता," त्या म्हणाल्या. "न्यायच्या आदी. दोन्ही हातांवर ह्यो असाच खड्डा व्हता. काल पाटीवर बोट लागलं आन् मला त्योच हात गावला."

मग त्यांनी मान वळवली. गच्चीवर मांजर नव्हतं, कंडक्टर नव्हता. त्या संयोगिताकडे बघत होत्या.

"त्या आठवड्यात शेतीची लाईट रातपाळीला व्हती," त्या म्हणाल्या. "घराची लाईन येगळी, शेतीची येगळी. दिसा मोटर चालतच नव्हती. दुपारच्या तीनला मोटर चालू करायला कोण जातंय, संयोगिता?"

आठ वर्षांनी आलेलं ते नाव ऐकून संयोगिताचे डोळे भरून आले. तिला व्होल्ट माहीत होते, तारा माहीत होत्या, छातीतून जाणाऱ्या प्रवाहाचा मार्ग माहीत होता. पण त्या आठवड्यात शेतीला पाणी रात्री पाजायचं होतं, एवढी साधी गोष्ट दवाखान्यात उभ्या असलेल्या मास्तरीणबाईला आठवली नव्हती. आणि अडाणी म्हातारीला ती पहिल्या दिवसापासून माहीत होती.

"तुम्हाला ठाऊक होतं, आत्ती?"

"तू खोटं बोललीस, एवढं ठाऊक व्हतं. खरं काय, ते ठाऊक न्हवतं." मनुबाईंचा आवाज कोरडा होता, दमलेला. "मी आपली इचार करत बसले. मोटरीचा धक्का एका हाताला बसतोय. दोन्ही हातांनी तारा कोण धरंल? ज्याला जायाचंच हाय, त्यो. मला वाटलं, माजा जोती आपणहून गेला... तुमा दोघांत कायतरी झालं आसंल, आन् तू झाकून टाकलंस."

"आत्ती!" संयोगिताच्या तोंडून एवढंच निघालं. हे तिच्या कुठल्याच गणितात नव्हतं. तिला वाटत होतं, म्हातारी तिच्यावर रागावलेली आहे. राग सोसायला ती तयार होती, तेवढी किंमत तिने धरलीच होती. पण ही बाई आठ वर्षं रोज सकाळी उठून, आपल्या मुलाला जगणं नको झालं होतं, हे मनाशी घोकत होती... आणि ते ओझं तिच्या डोक्यावर आपण ठेवलं होतं.

"मग मला विचारलं का नाही तुम्ही? एकदा तरी?"

"ईचारलं आसतं, आन् तू व्हय म्हणली आसतीस तर?" मनुबाई म्हणाल्या. "म्हणून बोलायचंच सोडलं."

अंकिता आईकडे, आजीकडे, त्या यंत्राकडे आळीपाळीने बघत होती. तिला अर्धं कळलं होतं, आणि उरलेलं अर्धं विचारायचं बळ तिच्यात नव्हतं.

"तवा तितं कोण व्हतं?" मनुबाईंनी विचारलं.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. जयराज वर येत होता. कोयनानगरहून पहाटेच्या गाडीने निघालेला, घाटाच्या वळणांनी चेहरा उतरलेला, खांद्याला बॅग, हातात न उघडलेला डबा. खाली संयोगिताची पडलेली पिशवी त्याने उचलून आणली होती. आईच्या मागे, दारात, तो थांबला. समोर खुर्ची होती, खुर्चीपाशी ते यंत्र होतं, वहिनीच्या मुठीत प्लग होता. त्याला कुणी काही सांगायची गरज उरली नव्हती.

"कृष्णेच्या पुलावर दोनदा गेलो होतो, वहिनी," तो हळूच म्हणाला. "दोन्ही वेळा वाटलं, ह्याला टाकायचं तर मागोमाग मी पण जाईन. म्हणून परत आणलं."

संयोगिताने त्याच्या डोळ्यांत बघितलं. आठ वर्षं ती दर संध्याकाळी फोनच्या आवाजात जी नजर शोधत होती, ती आता समोर होती. तिथे विहीर आहे का, ती खोली अजून आहे का, हे ती बघत होती. थकवा होता. भीतीही होती. पण तो आता खाली बघत नव्हता. तो अंकिताच्या हातांकडे बघत होता, जिवंत हातांकडे. आणि त्याला रडू कोसळत होतं.

"कोण व्हतं, ईचारतीय मी," मनुबाई म्हणाल्या. मागे कोण उभं आहे हे त्यांना कळलं होतं, तरी त्यांनी मान वळवली नाही.

सवय... आठ वर्षांची सवय. संयोगिताचं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

जयराजने बॅग खाली ठेवली. न उघडलेला डबा त्याने बॅगेच्या शेजारी ठेवला, अगदी नीट ठेवला. मग तो आईच्या शेजारी, उंबऱ्यावर बसला, आणि आईचा हात त्याने आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"वहिनी," तो म्हणाला, "काल तुमचा फोन लागला नाही. जेवलो होतो मी. आता सांगा."

संयोगिताने मुठीतला प्लग फरशीवर ठेवला. अंकिताला तिने हाताने जवळ बोलावलं, शेजारी बसवलं. मग ती सासूबाईंकडे वळली. आवाज खाली जाऊ नये म्हणून तिने एकदा श्वास घेतला.

"आत्ती," ती म्हणाली, "मी त्यांना कुठंच पाठवलं नव्हतं."